पारव्याची मान

अंगणात दाणे टिपीत पारवा चालू लागला, की त्याची मान पुढेमागे हलताना दिसते. जणू प्रत्येक पावलाला तो होकारच देत असतो! परंतु येथे आपल्या डोळ्यांना चकवा बसतो. पारवा मान मागे नेतच नाही. तो डोके झटकन पुढे नेतो आणि तेथेच क्षणभर स्थिर ठेवतो. तेवढ्यात त्याचे धड पुढे येते. आपणांस मात्र मानच मागे गेलीशी वाटते.

हा खटाटोप कशासाठी? धावत्या आगगाडीतून एखादे झाड पाहताना आपली बुबुळे नकळत त्याच्यामागे फिरतात, म्हणून ते झाड स्पष्ट दिसते. पारव्याची बुबुळे फारशी फिरत नाहीत. तेव्हा हे काम त्याला मानेकडून करून घ्यावे लागते. डोके स्थिर असते त्या क्षणी भोवतालचे दृश्यही स्थिर राहते. मग दाणा कोणता नि खडा कोणता, कुंपणाआड दबा धरलेले मांजर हलले की काय, हे त्याला नीट दिसते.

कॅनडातील बॅरी फ्रॉस्ट या शास्त्रज्ञाने याची मोठी गमतीदार परीक्षा घेतली. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पारव्याला सरकत्या पट्ट्यावर चालविले होते. पट्टा जितका मागे जाई, तितकाच पारवा पुढे चाले. म्हणजे पाय चालत, पण तो राही जागच्या जागीच. भोवतालचे दृश्य हलेना, तेव्हा त्याची मानही हलेनाशी झाली!

कोंबडीही अशीच मान हलवीत चालते. चिमणी मात्र बहुधा चालतच नाही. ती टुणटुण उड्या मारीत जाते.