बायस रेझिस्टर: रिकाम्या तारेचा बंदोबस्त
आरएस-४८५ पद्धतीत संदेश दोन तारांवरून जातो. एक की शून्य, हे त्या तारांमधल्या व्होल्टेजच्या फरकावरून ठरते. १९८३ साली प्रमाणित झालेली ही पद्धत कारखान्यांत अजून मुरलेली आहे. पंचवटीतून गोदावरी ओलांडून सातपूर-अंबडला कामाला जाणाऱ्या तंत्रज्ञाला वीजमीटर, ड्राइव्ह, तापमान नियंत्रक याच दोन तारांवर जोडलेले दिसतात.

फरक +२०० मिलिव्होल्टच्या वर असला की एक, −२०० च्या खाली असला की शून्य. मधल्या पट्ट्यात काय वाचायचे, हे प्रमाणात ठरवलेलेच नाही. कोणी बोलत नसताना नेमका तोच पट्टा नडतो. बसच्या, म्हणजे या सामाईक तारांच्या, दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेशन रेझिस्टर असतात, म्हणजे मिळून ६० ओहम. सगळे ड्रायव्हर गप्प झाले की फरक जवळपास शून्यावर येतो. अशा वेळी शेजारची मोटर सुरू झाली, की रिसीव्हर गोंधळाला अक्षराची सुरुवात समजतो आणि कोणी न पाठवलेले बाइट उमटतात.

यावरचा जुना इलाज म्हणजे बायस: एक तार रेझिस्टरमधून ५ व्होल्टकडे, दुसरी तशाच रेझिस्टरमधून ग्राउंडकडे. ६० ओहमवर २०० मिलिव्होल्ट मिळवायला सुमारे ३.३ मिलिअँपिअर लागतात, म्हणजे प्रत्येकी ७२० ओहम. थोडी सवड ठेवून ६८० किंवा ५६० ओहम घेतात. मात्र याची किंमत मोजावी लागते. बसला १२ किलोओहमचे ३२ भार पेलायचे असतात. ७२० ओहमची जोडी त्यातला निम्म्याहून जास्त वाटा खाते.

नव्या फेल-सेफ ट्रान्सिव्हरमध्ये एक-शून्याची सीमाच खाली, −२०० ते −५० मिलिव्होल्टदरम्यान, सरकवलेली असते. त्यामुळे शून्य फरकही एक म्हणून वाचला जातो. अर्थात, काही जुन्या चिपांचे ‘फेल-सेफ’ फक्त तार सुटली तरच चालते, टर्मिनेशन लावलेल्या बसवर नाही. डेटाशीट पाहिलेले बरे.

सगळ्या चिपा नव्या आणि केबल आखूड असेल तर बायस नसला तरी चालते. पण ५० मिलिव्होल्टची सवड ड्राइव्हशेजारी तुटपुंजी ठरते. तिथे हलका बायस द्यावा. एखादे जुने मीटर बसवर असेल तर पूर्ण बायस हवाच. मॉडबस प्रोटोकॉलची मार्गदर्शिका ४५० ते ६५० ओहमची जोडी सांगते, तीही संपूर्ण बसवर एकाच जागी. प्रत्यक्षात प्रत्येक उपकरणावरचा बायसचा डिप स्विच ‘असू दे’ म्हणून चालू ठेवला जातो. ७२० ओहमच्या पाच जोड्या समांतर आल्या की प्रत्येक तारेवर १४४ ओहमच उरतात आणि ड्रायव्हरची दमछाक होते.

खात्रीसाठी, बस शांत असताना मल्टिमीटर दोन तारांवर लावावा. पूर्ण बायस असलेल्या बसवर २०० मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसायला हवे. आकडा उणे आला तर तारा उलट्या असू शकतात. तारांची ए आणि बी ही नावे सगळ्या कंपन्या एकाच तारेला देत नाहीत.