छोट्या धंद्याची पहिली गिऱ्हाइके (भाग ६) : करवतीआधी वही

मे महिना लागला की मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांच्या सूचना फलकांवर एक कागद हमखास दिसू लागतो. आवारातल्या धोकादायक फांद्या पावसाळ्यापूर्वी छाटून घ्या, असे महापालिकेचे आवाहन. सेक्रेटरी ते वाचतात, मान वर करून पर्जन्यवृक्षाच्या आडव्या फांद्यांकडे बघतात आणि वॉचमनला विचारतात, "गेल्या वर्षी छाटायला कोण आलं होतं रे?" वॉचमनच्या मोबाइलमधून ज्याचा नंबर निघतो, त्याला काम मिळते. या धंद्यात नव्याने उतरणाऱ्याचा नंबर अजून कोणाच्याच मोबाइलमध्ये नसतो. तो तिथे पोचवायचा कसा, आणि तोही हाताशी पैसे नसताना, हा या भागाचा विषय.

झाडांच्या छाटणीचा धंदा इतर घरपोच सेवांहून वेगळा आहे. जेवणाचा डबा रोज लागतो. छाटणी वर्षा-दोन वर्षांनी एकदा. डबा बेचव निघाला तर उद्यापासून बंद करता येतो, पण चुकीची कापलेली फांदी परत लावता येत नाही. म्हणून गिऱ्हाईक इथे स्वस्त माणूस शोधत असले, तरी खरे पाहता त्याला भरवशाचा माणूस हवा असतो. भरवसा पैसे ओतून तयार होत नाही, ही गोष्ट नव्या माणसाच्या फायद्याची आहे.

काम किती आहे, याचा अंदाज मुंबईच्या वृक्षगणनेवरून येतो. २०१८ साली पूर्ण झालेल्या गणनेत शहरात सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे मोजली गेली. त्यांतली निम्म्याहून जास्त, १५ लाखांच्या वर, खासगी आवारांत आहेत. रस्त्याच्या कडेची झाडे दोन लाखसुद्धा भरत नाहीत. रस्त्यावरच्या झाडांची निगा पालिका राखते. आवारातल्या झाडांसाठी मात्र सोसायटीला परवानगी काढून, पदरचे पैसे खर्चून माणूस बोलवावा लागतो. गिऱ्हाईक आहे आणि त्याला दर पावसाळ्याआधी गरज पडते.

परवानगी या शब्दापाशीच बहुतेक सेक्रेटरी अडतात. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा कायदा शहरांना लागू आहे आणि त्यात झाड तोडणे म्हणजे केवळ बुंध्यावर घाव घालणे नव्हे. झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही त्यात येते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानले आणि दंडाची कमाल मर्यादा झाडामागे एक लाख रुपयांपर्यंत नेली. सोसायटीच्या कमिटीतली माणसे नोकरी-धंदा सांभाळून हे काम बघतात. अर्ज कुठे द्यायचा, सोबत काय जोडायचे, नुसत्या छाटणीलाही परवानगी लागते का, या प्रश्नांनीच ती दमतात.

नव्या माणसाची पहिली जाहिरात इथूनच सुरू व्हायला हवी. एक पानभर साध्या मराठीत माहिती: आपल्या प्रभागात उद्यान विभागाचे कार्यालय कोठे, अर्जासोबत झाडांचे फोटो कसे द्यायचे, झाडाची जात आणि बुंध्याचा घेर कसा लिहायचा, छाटणीचे कारण नेमक्या शब्दांत कसे मांडायचे. खाली आपले नाव आणि नंबर. असे पान सेक्रेटरी फेकून देत नाही, फाइलला लावतो. दुसऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरीने विचारले की तेच पान पुढे पाठवतो. "झाडे तोडून मिळतील" असे छापलेल्या चकचकीत पत्रकाला हे भाग्य लाभत नाही. शिवाय त्या तीन शब्दांमुळे कायदा जाणणारे गिऱ्हाईक पहिल्याच नजरेत दूर होते.

दुसरी जाहिरात म्हणजे दरपत्रक. कमिटी बहुधा तीन कोटेशने मागवते. त्यांतली दोन सहसा सारखी असतात: "झाडे छाटणे, नग बारा, एकूण रक्कम." तिसरे वेगळे असेल तर बैठकीत चर्चा त्याचीच होते. वही घेऊन आवारात अर्धा तास फिरावे. प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा, फोटो काढावा आणि शेजारी लिहावे: क्रमांक तीन, गुलमोहोर, पार्किंगवरची फांदी वाळलेली, काढावी. क्रमांक पाच, नारळ, सुकलेल्या झावळ्या आणि तयार नारळ उतरवावेत. क्रमांक आठ, कडुलिंब, निरोगी आहे, हात लावण्याची गरज नाही.

हा क्रमांक आठ फार मोलाचा. जो माणूस स्वतःचे काम कमी करून सांगतो, त्याने सांगितलेले उरलेले काम खरे वाटते. आणि तो कडुलिंब वाचतोही. शहरांत दरवर्षी कितीतरी झाडांचे शेंडे नुसत्या सवयीपायी उडवले जातात. शेंडा उडवलेल्या झाडाला मग कमकुवत धुमारे फुटतात, ते भराभर वाढतात आणि पुढच्या वादळात तेच आधी मोडतात. सोसायटीला हे वेळीच आणि लेखी सांगणे, ही झाडाची आणि धंद्याची एकाच वेळी केलेली सेवा आहे.

या धंद्यातली एक जुनी यशोगाथाही अशाच मार्गाने घडली. जॉन डेव्ही १८४६ साली इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये जन्मला, १८७३ मध्ये अमेरिकेला गेला आणि पुढे ओहायो राज्यातल्या केंट या गावात स्थिरावला. तिथल्या स्टँडिंग रॉक दफनभूमीची देखभाल त्याच्याकडे आली. दुर्लक्षित पडलेली ती जागा त्याने झाडांची निगा राखून पालटून टाकली. गावकरी तिथे येत आणि हे कोणी केले, असे विचारत. १९०१ मध्ये त्याने 'द ट्री डॉक्टर' हे पुस्तक स्वतःच, कर्ज काढून छापले. नीट जपलेल्या आणि चुकीच्या कापणीने खराब झालेल्या झाडांची छायाचित्रे त्यात होती. वाचकाने पुस्तक मिटून आपल्या अंगणातल्या झाडाकडे बघावे, अशी त्याची रचना. पुढे त्याने माणसे शिकवून तयार केली. त्याच्या नावाची कंपनी आजही चालते आणि १९७९ पासून ती कर्मचाऱ्यांच्या मालकीची आहे. डेव्हीने कर्ज काढले, ते आज कोणी काढू नये. तेच काम आता मोबाइलच्या कॅमेऱ्यावर होते.

फोटो मात्र कसला काढायचा, हे ठरवताना बहुतेक जण चुकतात. छाटणीआधीचे डेरेदार झाड आणि छाटणीनंतरचा बोडका खुंट असे दोन फोटो शेजारी ठेवले की खूप काम केल्यासारखे दिसते. जाणकाराला तो फोटो म्हणजे नुकसानीचा पंचनामा वाटतो. त्याऐवजी कापाचा जवळून फोटो काढावा. फांदी खोडाला मिळते तिथे थोडा फुगीर भाग असतो. अमेरिकेच्या वन विभागातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून दाखवले की झाड जखम आपल्यासारखी भरून काढत नाही, आतून बंदिस्त करते, आणि त्या कामात या फुगीर भागाचा वाटा मोठा आहे. म्हणून काप त्याच्या बाहेरून, पण लांब खुंट न ठेवता द्यायचा. जड फांदी तीन कापांत उतरवायची: आधी खालून थोडा, मग त्याच्या पुढे वरून, शेवटी उरलेला तुकडा. असे केले तर साल खोडापर्यंत सोलत जात नाही. हे तीन काप दाखवणारा मिनिटभराचा व्हिडिओ, सोबत आपल्याच आवाजात सांगितलेले कारण, एवढे पुरते. वर्षाने त्याच झाडाखाली जाऊन, कापाभोवती नवी साल कशी वळली आहे, त्याचा फोटो काढावा. तसा फोटो ज्याच्याकडे आहे, त्याच्याशी भावावरून घासाघीस कमी होते.

ऑनलाइन साधनांबद्दल थोडक्यात. गूगलवरची व्यवसाय नोंद फुकट असते, दुकान नसले तरी चालते. पत्ता झाकून फक्त सेवा देण्याचा परिसर दाखवता येतो. काम झाल्यावर गिऱ्हाईकाला अभिप्राय लिहायची विनंती करावी आणि झाड कोणते, भाग कोणता, एवढे लिहायला सांगावे. अभिप्रायाच्या बदल्यात सवलत किंवा पैसे देऊ नयेत, गूगलच्या नियमांत ते बसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्यवसाय अ‍ॅपमध्ये सेवांची यादी फोटोंसह लावता येते. त्यातल्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो संदेश पोचतो. म्हणून काम संपवून निघताना सेक्रेटरी, माळी आणि वॉचमन या तिघांच्या मोबाइलमध्ये आपला नंबर नावासह सेव्ह करून घेणे, हे शंभर पत्रके वाटण्यापेक्षा उपयोगी. टेम्पो असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना नाव आणि नंबर रंगवून घ्यावा. काम चालू असताना तो तासन्‌तास गेटसमोरच उभा असतो आणि शेजारच्या इमारतींतले लोक तो वाचतात.

एका जागी मात्र जाहिरात कधीही लावू नये: झाडावर. शिकवण्या, खोल्या, पॅकर्स-मूव्हर्स यांच्या पाट्या खिळे ठोकून झाडांवर लावलेल्या दिसतात, म्हणून आपलीही लावावी असा मोह होतो. १९९५ च्या महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्यात भिंती आणि खांबांसोबत झाडांचाही समावेश आहे आणि शिक्षा तीन महिने कैद किंवा दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी आहे. पण कायद्याच्या आधीचे कारण मोठे. खिळ्याची जखम पाण्याला, बुरशीला वाट देते. झाडांची निगा राखतो असे म्हणणाऱ्याने झाडाला खिळा ठोकला, तर त्याच्या शब्दाला काय किंमत उरते? पुण्यात 'अंघोळीची गोळी' या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी झाडांचे खिळे उपटण्याची मोहीम चालवली आणि ती राज्यात इतरत्रही पसरली. नव्या छाटणीवाल्याने आपली शिडी आणि हत्यारे घेऊन अशा एखाद्या रविवारी सामील व्हावे. तिथे भेटणारे लोक आपल्या गल्लीतले प्रत्येक झाड ओळखतात आणि सोसायटीत त्यांचेच मत विचारले जाते.

छाटलेल्या फांद्यांचे काय करायचे, हाही गिऱ्हाईकाच्या डोक्यातला प्रश्न असतो. अमेरिकेत चिपड्रॉप नावाची सेवा आहे: छाटणीवाल्याकडचा लाकडाचा भुसा तो ज्या बागवानाला आच्छादनासाठी हवा, त्याच्या दारात पोचतो आणि टाकण्याचा खर्च वाचतो. पुण्यात 'ब्राउन लीफ' या उपक्रमाने वाळलेला पालापाचोळा असणारे आणि तो हवा असणारे यांची अशीच गाठ घालून दिली. गच्चीवर भाजीपाला पिकवणाऱ्यांना पालापाचोळा पोत्याने लागतो. त्यांना पोती नेऊन द्यावीत. त्या बागवानांच्या गटांत नाव आपोआप पोचते आणि सोसायटीलाही सांगता येते की आपला पाला कचऱ्यात गेला नाही.

वाईट जाहिरात किती वेगाने पसरते, याचेही उदाहरण आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात महामार्गाच्या कामासाठी एक झाड पाडले गेले. त्यावर पक्ष्यांची घरटी होती, पिल्ले चिरडून मेली, व्हिडिओ देशभर फिरला आणि गुन्हा नोंदवला गेला. पावसाळ्यात पर्जन्यवृक्षांवर आणि पिंपळांवर बगळे, पाणकावळे घरटी करतात. वहीत प्रत्येक झाडापुढे 'घरटे आहे / नाही' असा एक रकाना ठेवायला काहीच पैसे लागत नाहीत. घरटे दिसले आणि धोका तातडीचा नसला तर काम पुढे ढकलावे आणि कारण कमिटीला लेखी कळवावे.

भीती दाखवून काम मिळवण्याचा मार्गही सोपा वाटतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने मुंबईत शेकडो झाडे पाडली, त्याआधी जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने रायगडमधल्या नारळ-सुपारीच्या बागा झोपवल्या. त्या फोटोंवर आपला नंबर छापून पत्रके वाटणे म्हणजे घाबरलेल्या माणसाला चांगली झाडेही तोडायला लावणे. त्यापेक्षा वादळानंतर जवळच्या शाळेचे किंवा अंगणवाडीचे फाटक पालिकेला कळवून, फुकट मोकळे करून द्यावे. अमेरिकेत 'सल्यूटिंग ब्रँचेस' या उपक्रमात झाडांची निगा राखणारे व्यावसायिक वर्षातला एक दिवस सैनिकांच्या दफनभूमींत विनामोबदला काम करतात. असे काम लोकांच्या लक्षात राहते.

माणसांच्या सुरक्षिततेचा कागद हीसुद्धा जाहिरातच. उंचावर चढणाऱ्या प्रत्येकाचा विमा आहे का, हे आता कमिट्या विचारू लागल्या आहेत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात आणि अपघाती मृत्यूला दोन लाखांचे संरक्षण मिळते. कोट्यवधींचे काम घेणाऱ्यांसाठी ते पुरेसे नाही, पण सुरुवात करणाऱ्याने निदान तेवढे तरी केलेच पाहिजे. उद्यम नोंदणीही ऑनलाइन आणि फुकट होते. नारळ विकास मंडळाने २०११ पासून 'फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री' या कार्यक्रमात नारळावर यंत्राने चढण्याचे प्रशिक्षण तरुणांना दिले. तसे प्रमाणपत्र असेल तर ते दरपत्रकाला जोडावे. हेल्मेट, दोर, पट्टा यांच्यासह माणसांचा फोटोही सोबत द्यावा.

आता वेळापत्रक. बरेच जण मे महिन्यात पत्रके छापतात. तोवर परवानगीचे अर्ज तुंबलेले असतात आणि कमिटीने माणूस ठरवलेला असतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. ऑगस्टमध्ये, मोडलेल्या फांद्यांची आठवण ताजी असताना, आवारात फिरून वही भरून द्यावी म्हणजे छाटणीचा खर्च त्या सभेपुढे जातो. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधले पुष्पप्रदर्शन आणि त्याच सुमारास मुंबईत राणीच्या बागेतले पालिकेचे झाडे-फुलांचे प्रदर्शन, या दोन ठिकाणी झाडांवर माया करणारी माणसे आपणहून गोळा होतात. तिथे ते एक पानी माहितीपत्रक हातात द्यावे. फेब्रुवारीत अर्ज, मार्च-एप्रिलमध्ये पाहणी आणि परवानगी, मेअखेर काम.

पुढच्या भागात याच सोसायट्यांच्या गच्च्यांवर चढणारे, पाण्याच्या टाक्या धुऊन देणारे.