वाडा विकत घेताना

जुना वाडा विकायला निघाला की गावात पहिला प्रश्न निघतो तो 'जागा किती?' हा. इमारतीविषयी फारसे कोणी विचारीत नाही. शिर्डीसारख्या यात्रेच्या गावी तर हे अधिकच खरे. गावठाणातल्या जागेवर लॉज उभे राहण्यासारखे असले, म्हणजे तिच्यावरचे सागवान आणि घडीव दगड ही केवळ अडचण ठरते. तेव्हा वाडा ही काय वस्तू आहे आणि घेणाऱ्याने तिच्यात काय पारखावे, याचा थोडा विचार करू.

शिर्डीतच तीन उदाहरणे आहेत. हरी विनायक साठे यांनी १९०८ मध्ये वाडा बांधला. मुंबईचे सॉलिसिटर हरी सीताराम उर्फ काकासाहेब दीक्षित यांच्या वाड्याचा पाया डिसेंबर १९१० मध्ये घातला गेला. तिसरा नागपूरचे श्रीमंत गोपाळराव बुटी यांचा. साईबाबांचे १५ ऑक्टोबर १९१८ रोजी निर्वाण झाले आणि बुटी वाडाच समाधिमंदिर झाला. दीक्षित वाड्यात संस्थानाने बाबांच्या वस्तूंचे संग्रहालय केले. साठे वाडा मात्र आज उभा नाही. ज्याला काम मिळाले तो वाडा टिकला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

हे वाडे विसाव्या शतकातले; पण वाडा बांधण्याची रीत त्याहून जुनी. पुणे, नाशिक, नगर या शहरांत एकोणिसाव्या शतकात जे वाडे उठले, त्यांत दिंडी दरवाजा, देवडी, मधला चौक, भोवती ओसरी, आत माजघर अशी मांडणी असे. घराचे माप खणांनी सांगत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. दगडी जोत्यावर तळखडे, त्यांवर लाकडी खांब, खांबांवर तुळया आणि वर कडीपाट. घराचा बराचसा भार हा सांगाडा पेलतो.

म्हणून पारख सांगाड्यापासून करावी. तुळईचे टोक जिथे भिंतीत शिरते, तिथे ओल व वाळवी आधी लागते. वरून रंगवलेली तुळई आतून पोकळ असू शकते. ठोकून पाहावे, टोचून पाहावे. दुरुस्त केलेला वाडा असेल, तर दुरुस्ती कशाने केली हे विचारावे. माती-चुन्याची भिंत ओल शोषते आणि बाहेरही टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि लाकूड कुजवते. बाहेरून चकचकीत दिसणारी दुरुस्ती ही पुष्कळदा पुढच्या पडझडीची सुरुवात असते. चुन्याचे काम सावकाश होते व महाग पडते, परंतु ते भिंतीच्या जातीचे असते.

दुसरी पारख कागदांची. एका वाड्याला पंधरा-वीस वारस असणे नवल नव्हे. २००५ च्या दुरुस्तीनंतर एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीही जन्माने हिस्सेदार आहेत. बहिणींची सही नसलेले खरेदीखत पुढे कोर्टात ओढले जाते. एकाच भावाचा हिस्सा घेतला, तर परक्या खरेदीदाराला राहत्या घरात बाकीच्यांबरोबर ताबा मागता येत नाही. त्याने वाटणीचा दावा लावलाच, तर १८९३ च्या वाटणी कायद्याप्रमाणे तो हिस्सा मूल्य देऊन परत घेण्याचा हक्क घरच्यांना आहे. वाड्यात भाडेकरू असतील, तर ते वाड्याबरोबरच येतात. मालक बदलल्याने त्यांचे संरक्षण संपत नाही. मिळकतपत्रिका, वाटणीपत्र आणि भाडेकरूंची यादी पाहिल्यावाचून विसार देऊ नये.

राहिला किमतीचा प्रश्न. वाडा पाडला म्हणजे त्याचे खांब, दारे जुन्या लाकडाच्या बाजारात जातात आणि रिकामी जागा तेवढी उरते. राखला, तर त्याने दरवर्षी होणाऱ्या डागडुजीचा खर्च कमावला पाहिजे. पुण्याचा विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावांचे निवासस्थान होता. पुढे तिथे शाळा भरली, कचेऱ्या बसल्या, म्हणून तो दोनशे वर्षे लोकांच्या उपयोगी राहिला. शिर्डीच्या परिसरात यात्रेकरूंना उतरायला जागा लागते, आणि चौक, ओसरी असलेले घर त्या कामाला गैरसोयीचे नाही. घेणाऱ्याने वाड्याला कोणते काम द्यायचे हे आधी ठरवावे, आणि मगच किंमत बोलावी.