करार संपला, मालक भाडं वाढवतोय : आपला हक्क कुठपर्यंत?

करार संपायला महिना उरतो आणि घरमालकाचा फोन येतो : "पुढच्या महिन्यापासून तीन हजार जास्त द्या, नाहीतर घर खाली करा." मुलांची शाळा जवळ, मशीद जवळ, अब्बांचा दवाखाना जवळ. त्यात नाव ऐकूनच घर नाकारणारे लोक आपल्याला नवीन नाहीत. म्हणून बरीच कुटुंबं मालक म्हणेल ते मुकाट्याने कबूल करतात. काही जण उलट "बघू काय करतो ते" म्हणून घरात बसून राहतात. दोन्हीत नुकसान आपलंच होतं. महाराष्ट्रातला कायदा काय सांगतो, ते समजून घेऊ या.

आधी कागद बघा

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या चाळीत पागडीवर किंवा पिढ्यानपिढ्या भाडेपावतीवर राहणारा तो 'भाडेकरू'. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा तो 'लायसन्सधारक'. बोलताना आपण दोघांनाही भाडेकरूच म्हणतो, पण दोघांचे हक्क सारखे नाहीत.

लिव्ह अँड लायसन्सवर राहत असाल तर

मुदत चालू असताना मालकाला मनाने भाडं वाढवता येत नाही. करारात जे लिहिलंय तेच. मुदत संपल्यावर नवीन करार करायचा की नाही आणि किती रकमेला, हे मात्र दोघांनी मिळून ठरवायचं. या वाढीला कायद्याने मर्यादा घातलेली नाही. म्हणून पहिला करार करतानाच "नूतनीकरणाच्या वेळी वाढ इतके टक्के" अशी अट लिहून घ्या.

मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर मालक कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. तिथून घर खाली करण्याचा आदेश निघतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट रक्कम भरावी लागू शकते. महिन्याला 12 हजार देत असाल तर 24 हजार. त्या कार्यालयाचं समन्स आलं तर 30 दिवसांच्या आत आपली बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. ते दिवस गेले तर मालकाचं म्हणणं मान्य झाल्यासारखं धरलं जातं. समन्स कपाटात ठेवून देऊ नका.

पण मालकाने स्वतः येऊन कुलूप बदलणं किंवा सामान रस्त्यावर काढणं, हा कायद्याचा मार्ग नाही. असं कुणाला बाहेर काढलं, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत कोर्टात दावा करता येतो. दमदाटी झाली तर पोलिसांत लेखी तक्रार द्या.

जुने भाडेकरू असाल तर

इथे मालकाला वर्षाला 4 टक्के भाडेवाढ करता येते. घरात सुधारणा केली किंवा पालिकेचा कर वाढला तर त्याचा हिशेब वेगळा. भाडं थकलं तरी लेखी नोटीस देऊन 90 दिवस झाल्याशिवाय त्यासाठी दावा लावता येत नाही. पाणी किंवा वीज तोडून त्रास देणं हा कलम 29 खाली गुन्हा आहे. भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. तो भाडं घ्यायलाच टाळाटाळ करत असेल तर बँकेतून पाठवा आणि पुरावा जपून ठेवा.

एक मोठा गैरसमज

"अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही," असं एजंट सर्रास सांगतात. महाराष्ट्रात हे खोटं आहे. कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं. पण लायसन्सचा लेखी करार झाला, की कलम 24 च्या प्रकरणात त्यात लिहिलेलंच अंतिम पुरावा मानलं जातं. "तोंडी तर दोन वर्षं सांगितलं होतं" हे तिथे चालत नाही. सही करण्याआधी करार घरात मोठ्याने वाचून घ्या.

मुदत संपण्याआधी काय करायचं?

- दोन महिने आधी मालकाशी बोला आणि ठरलेलं व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लिहून घ्या.
- भाडं आणि डिपॉझिट रोख देऊ नका. द्यावंच लागलं तर सहीची पावती घ्या.
- घर सोडताना खोल्यांचे फोटो काढा, वीजबिल भरा, आणि चावी व डिपॉझिटची देवाणघेवाण एकाच वेळी करा.
- वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. हेल्पलाइन 15100. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यामुळे अम्मी किंवा बहिणीच्या नावावर करार असेल तर हे लक्षात ठेवा.

मालकाशी भांडण उकरून काढा, असं कुणी सांगत नाही. घर त्याचं आहे, आणि दिलेल्या मुदतीचा शब्द आपणही पाळायचा आहे. पण घाबरून कबूल करणं वेगळं आणि समजून कबूल करणं वेगळं. आज कपाटातला करार काढा आणि शेवटची तारीख बघा.