कृष्णविवराचे केस

शीर्षक चमत्कारिक खरे, परंतु ते आम्ही रचलेले नाही. शास्त्रज्ञांचाच हा शब्द आहे. कृष्णविवर म्हणजे अवकाशाचा असा प्रदेश, की जेथून प्रकाशदेखील बाहेर पडू शकत नाही. आपला सूर्य सुमारे ३ किलोमीटर त्रिज्येच्या गोलात दाबून बसविला, तर त्याचीही हीच गत होईल. श्वार्झशिल्ड यांनी १९१६ साली याचे गणित प्रसिद्ध केले. राइसनर (१९१६) व नॉर्डस्ट्रॉम (१९१८) यांनी त्यात विद्युत्भाराची भर घातली.

आता अशा विवरात लोखंड पडले काय किंवा कापूस पडला काय, बाहेरच्याला भेद कळेल काय? मुळीच नाही. स्थिरावलेल्या विवराचे वस्तुमान, विद्युत्भार व परिवलन एवढेच बाहेरून कळते. बाकीच्या खुणा पुसल्या जातात. १९६७ पासून इझ्राएल प्रभृतींनी हे सिद्ध करीत आणले, आणि ‘कृष्णविवराला केस नसतात’ ही उक्ती व्हीलर यांनी रूढ केली.

मात्र ती सिद्धता विद्युत्चुंबकीय क्षेत्रापुरती होती, ही अट पुष्कळांच्या ध्यानातून निसटली. या क्षेत्राला स्वतःचा भार नसतो. म्हणूनच प्रकाशाचे दोन झोत एकमेकांतून सुखेनैव निघून जातात. यांग व मिल्स यांनी १९५४ साली मांडलेले क्षेत्र निराळे. ते स्वतःच भारयुक्त असून स्वतःवर क्रिया करते. प्रोटॉनच्या पोटातील क्वार्कांना बांधणारे बल याच जातीचे आहे. असे क्षेत्र एकटे सोडले तर त्याचा स्थिर गोळा बनत नाही, ते पसरून जाते. निव्वळ गुरुत्वाकर्षणाचाही असा गोळा बनत नाही. मग दोघांच्या संयोगातून काय निघणार? परंतु १९८८ साली बार्टनिक व मॅकिनन यांनी संगणकाच्या साहाय्याने दाखविले, की एकाचे आकर्षण दुसऱ्याच्या प्रसरणास तोलून धरते! लगेच १९८९-९० मध्ये वोल्कोव्ह व गाल्त्सोव्ह, तसेच बिझोन आदींनी त्या गोळ्याच्या मध्यभागी कृष्णविवर बसवून दाखविले. दुरून भार मोजावा तर शून्य. जवळ मात्र क्षेत्राचे वलय, आणि तेही एकाच आकाराच्या विवराभोवती अनेक परींचे. हेच ते केस.

दुर्दैवाने हा तोल टोकावर उभ्या केलेल्या पेन्सिलीसारखा आहे. श्ट्राउमान व झोऊ यांनी १९९० साली तपासले, तेव्हा किंचित धक्क्यानेही तो ढळतो असे आढळले. मग क्षेत्र विवरात तरी पडते, नाहीतर दूर उडून जाते. विश्वस्थिरांक ऋण मानला तर कित्येक केस टिकतात, हे विन्स्टॅन्ली यांनी १९९९ साली दाखविले. आपल्या विश्वात मात्र, १९९८ सालच्या ताऱ्यांच्या स्फोटांवरील निरीक्षणांनुसार, तो धन असावा.