घंटी वाजवली, पण केव्हा?

मित्रांनो, सायकल कुणी शिकवली असं विचारलं, तर तुम्ही लगेच दादाचं नाहीतर मामाचं नाव सांगाल. पण घंटी केव्हा वाजवायची, हे कुणी शिकवलं? बहुतेक कुणीच नाही!

परभणी जिल्ह्यातल्या बोरीसारखं गाव डोळ्यांपुढे आणा. सकाळची वेळ. एकाच रस्त्यावर शाळेला निघालेल्या सायकली, रानात निघालेल्या बायका, एखादी बैलगाडी. पायी चालणाऱ्यांना वेगळी वाट कुठली? पांदणीत तर बाजूला सरकायलाही जागा नसते. अशा वेळी तुम्ही मागून सुसाट आलात आणि अगदी पाठीशी येऊन 'ट्रिंग ट्रिंग' केलंत. पुढची आजी दचकते, मान वळवून मागं बघते. मान वळली की पाऊलही तिकडंच पडतं, नेमकं तुमच्या चाकापुढं! तुम्ही सफाईनं कट मारून निघून जाता, वर हसताही. पण म्हातारपणी हाडं ठिसूळ झालेली असतात. चाक लागलं नाही, तरी नुसत्या दचकून पडण्यानं आजीचा खुबा मोडू शकतो.

आता थोडं गणित. तुमचा वेग ताशी १५ किलोमीटर, चालणाऱ्याचा ५. म्हणजे दोघांतलं अंतर दर सेकंदाला पावणेतीन मीटरनं कमी होतं. ३ मीटरवर घंटी वाजवलीत, तर समोरच्याला जेमतेम एक सेकंद मिळतो. १५ मीटरवर, म्हणजे साधारण वीस पावलांवर वाजवलीत, तर पाच सेकंद!

तेव्हा वीस पावलांवरून एकदाच, हलकेच वाजवा. मग पायडल थांबवा आणि माणूस कुठल्या बाजूला सरकतो ते बघा. "मावशी, उजवीकडून येतोय हं," असं म्हटलं तर फारच छान. डोक्यावर भारा असलेल्या बाईला मान वळवता येत नाही. एखाद्या बाबांना ऐकू कमी येतं. कानात इअरफोन घातलेला दादा तर असून नसल्यासारखाच! अशा वेळी सरळ खाली उतरायचं.

पावसाळ्यात तर आणखी आधीपासून वेग कमी करा. चाकाची रिंग ओली झाली की ब्रेकचे रबर नीट धरत नाहीत. शिवाय डबक्यातलं पाणी कुणाच्या धोतरावर उडालं, तर काय ऐकावं लागेल ते तुम्हाला माहीतच आहे.

जपानमध्ये तर 'बाजूला व्हा' म्हणून पादचाऱ्यावर घंटी वाजवणं कायद्यातच बसत नाही. काही फूटपाथवर तिथं सायकलला परवानगी असते, पण हळू चालवायची. चालणाऱ्याला अडचण होत असेल तर थांबायचं.

खरं-खोटं करायचंय? शाळेच्या मैदानावर तुम्ही पाठ करून चाला. मित्राला मागून सावकाश सायकल आणू द्या, पण तुमच्यापासून चांगली दोन हात बाजूनं. एकदा वीस पावलांवरून घंटी, एकदा चार पावलांवरून. कुठली केव्हा, ते मात्र त्यानं आधी सांगायचं नाही!