पाइपफिशची जोडी आणि एका नियमाची दुरुस्ती

वीण जवळ आली की पाइपफिशचं पोट उकलतं आणि त्यातून अंडी बाहेर पडतात, असं ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं होतं. पोटाखालची फट त्याने बरोबर टिपली होती. पण ती अंडी सांभाळणारा मासा नर असतो, अशी शंका त्याला आली नाही. ती शंका यायला दोन हजारांहून जास्त वर्षं जावी लागली. १८३१ साली एकस्ट्रॉम या स्वीडिश निसर्गअभ्यासकाने पाइपफिशमध्ये अंडी उबवण्याचं काम नर करतो, हे दाखवून दिलं. तेव्हापासून आजपर्यंत या माशांनी जीवशास्त्रज्ञांना स्वस्थ बसू दिलेलं नाही. त्यातही प्रवाळभित्तींवर राहणाऱ्या कोरिथोइक्थिस हिमॅटोप्टेरस या जातीने गेल्या पाव शतकात नर-मादीच्या भूमिकांबद्दलचा एक पक्का समजला गेलेला नियम पुन्हा तपासायला लावला.

या जातीचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा केलं ते पीटर ब्लीकर यांनी, १८५१ साली. ते डच लष्करातले डॉक्टर. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, नोकरी सांभाळून त्यांनी ईस्ट इंडीजमधल्या माशांचा प्रचंड संग्रह उभा केला. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं पाइपफिशचा अभ्यास बहुतांशी बरण्यांमधल्या नमुन्यांवरच चालला. अंगावरची कडी मोजायची, पंखांमधले काटे मोजायचे आणि जात ठरवायची. त्या सगळ्या पसाऱ्याला शिस्त लावली ती चार्ल्स डॉसन यांच्या १९८५ च्या ग्रंथाने. तांबड्या समुद्रापासून अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंतचे पाइपफिश त्यांनी एकत्र मांडले आणि पुढच्या अभ्यासकांची वाट सोपी केली.

मासा तसा चटकन डोळ्यांत भरणारा नाही. लांबी जास्तीत जास्त वीस सेंटिमीटरच्या आसपास, जाडी पेन्सिलीपेक्षाही कमी. समुद्रघोडा याच कुळातला, पण याची मान वाकलेली नसते आणि शेपूट कशाला गुंडाळताही येत नाही. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या कड्यांचं चिलखत असतं. त्यामुळे तो सुळकन पोहत नाही. प्रवाळाच्या चुऱ्यावरून आणि वाळूवरून सरपटल्यासारखा सरकतो. तोंडात दात नाहीत, पोटात जठर नाही. चपळाई दिसते ती फक्त खाताना. डोळ्याला दिसेल न दिसेल असा कवचधारी जीव समोर आला की पाइपफिश स्तब्ध होतो, डोळे स्वतंत्रपणे फिरवून अंतर जोखतो आणि नळीसारखं मुखाग्र एकदम वर झटकतो. ताणून धरलेल्या स्नायूबंधांतली साठवलेली शक्ती त्या क्षणी सुटते. काही मिलिसेकंदांत भक्ष्य पाण्यासकट आत ओढलं जातं. बघणाऱ्याला कळतं ते एवढंच, की मगाशी तिथे काहीतरी होतं आणि आता नाही.

पण खरी चर्चा झाली ती त्याच्या संसाराची. त्यासाठी थोडं मागे जायला हवं. १९७२ साली रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी मांडलं की पिल्लांसाठी ज्याची गुंतवणूक जास्त, तो जोडीदार चोखंदळ असतो आणि दुसरा त्याच्यासाठी भांडतो. १९९१ मध्ये क्लटन-ब्रॉक आणि अमांडा व्हिन्सेंट यांनी याला आणखी धार लावली. नर आणि मादी यांपैकी ज्याला जास्त वेगाने प्रजोत्पादन करता येतं, त्या लिंगात जोडीदारासाठी स्पर्धा जास्त, असं त्यांचं म्हणणं. स्वीडनच्या किनाऱ्यावरच्या पाइपफिशनी याला दुजोरा दिला होता. तिथल्या माद्या नरांना पुरून उरतील इतकी अंडी तयार करतात, म्हणून नरांसाठी माद्यांमध्ये चुरस. हिशोब नीट जुळत होता.

प्रवाळभित्तीवरचे पाइपफिश मात्र या हिशोबात बसेनात. १९८४ साली ॲन ग्रोनेल यांनी याच प्रजातीतल्या कोरिथोइक्थिस इंटेस्टिनॅलिसच्या प्रणयाचं आणि सामाजिक जीवनाचं वर्णन प्रसिद्ध केलं. रोज एकमेकांना भेटण्याचा या माशांचा रिवाज त्यातून समोर आला. २००१ मध्ये जपानच्या एहिमे विद्यापीठातले मात्सुमोतो आणि यानागिसावा यांनी हिमॅटोप्टेरसवरचं काम प्रसिद्ध केलं. जपानच्या दक्षिणेकडच्या उथळ समुद्रात एकेक मासा ओळखून त्यांनी जोड्यांवर लक्ष ठेवलं. नर आणि मादी आपापल्या हद्दीत चरतात, पण सकाळी एकत्र येतात, शेजारी शेजारी पोहतात आणि पुन्हा आपापल्या वाटेने जातात. वीण झाली की अंडी नराच्या शेपटाच्या खालच्या बाजूला चिकटतात आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत तोच ती वागवतो. पुढची वीण पुन्हा त्याच मादीशी. विणीचा हंगाम संपला तरी जोडी मोडत नाही, हे याच विद्यापीठाच्या पुढच्या कामात दिसलं.

इथेच पेच होता. एकनिष्ठ जोड्यांच्या प्राण्यांत जोडीदारासाठी धडपडतात ते सहसा नर. इथे जोडी पक्की, पण पुढाकार घेणाऱ्या माद्या. मग स्वीडनप्रमाणे इथेही माद्यांचा वेग जास्त असणार, असा अंदाज कोणीही केला असता. २००७ मध्ये सोगाबे आणि यानागिसावा यांनी तो वेग मोजला. पाणी जसं तापतं तसा तो वाढतो, पण नर आणि मादी यांच्यात फरक निघाला नाही. फरक सापडला तो शिरगणतीत. विणीच्या सगळ्या हंगामात प्रौढ माद्या नरांपेक्षा जास्त होत्या. नर कमी, म्हणून त्यांच्यासाठी माद्यांत चढाओढ. आणि दोघांचा वेग सारखा असल्यामुळे दुसरा जोडीदार करून फायदा कोणाचाच नाही, म्हणून निष्ठा. त्याच वर्षी सोगाबे यांच्या गटाने दाखवलं की जोडीदार बदलावा लागला तर नराच्या विणीचा वेग घटतो. जुन्या जोडीचा फायदा आकड्यांत मांडता आला.

या संशोधनाने ट्रिव्हर्स किंवा क्लटन-ब्रॉक खोटे ठरले नाहीत. उलट्या भूमिका आणि एकनिष्ठा एकत्र नांदू शकतात आणि दोन्हींची कारणं वेगवेगळी असू शकतात, एवढं स्पष्ट झालं. हे कळलं ते त्याच जोड्यांकडे पुन्हा पुन्हा पाहिल्यामुळे आणि साध्या मोजणीमुळे. त्यानंतर संशोधनाचा रोख जनुकांकडे वळला. नराच्या अंगावर वाढणारी पिल्लं त्याच्या प्रतिकारशक्तीला परकी कशी वाटत नाहीत, हा प्रश्न पुढे आला. या कुळातल्या काही माशांनी प्रतिकारयंत्रणेचा एक महत्त्वाचा भागच गमावला आहे, असं २०२० च्या अभ्यासातून समोर आलं.

संरक्षणाचा हिशोब मात्र असमान राहिला. समुद्रघोड्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे निर्बंध २००४ पासून लागू आहेत. त्यांचे भाऊबंद पाइपफिश त्या यादीत आले नाहीत. भारताने इथे जास्त शहाणपण दाखवलं. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात समुद्रघोड्यांबरोबर हे सगळं कूळच घेतलं. पण कायदा मासा पकडण्यापासून वाचवतो, त्याचं घर वाचवत नाही. २०१० आणि २०१६ साली समुद्र तापून लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले, तेव्हा कायद्याचा काही उपयोग नव्हता. अंदमानला किंवा लक्षद्वीपला डायव्हिंगसाठी जाणाऱ्यांनी निदान आपल्या हातातली गोष्ट करावी. फोटोसाठी प्रवाळाचा चुरा उकरू नये, दगड उलटे करू नयेत आणि जोडीने पोहणारे पाइपफिश दिसले तर त्यांच्या मध्ये घुसू नये. त्यांची जोडी मोडली की नुकसान किती होतं, ते आता मोजलेलं आहे.